किल्ला, रांगोळी आणि सुट्टीचा अभ्यास

दिवाळीची सुट्टी लागली की वसुबारसेच्या आधीच चाळींत, वाड्यांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत माती, दगड, विटा आणि जुनी पोती जमू लागतात, कारण मुलांना किल्ला करायचा असतो. सहावी ते आठवीच्या मुलांकडे याच दिवसांत शाळेने दिलेला अभ्यासही असतो आणि तो बहुधा सुट्टी संपता संपता घाईने उरकला जातो. गणित आणि भाषा या दोन्ही विषयांसाठी किल्ल्यासारखे साधन अंगणात तयार असताना, पणत्यांची चित्रे छापलेल्या कागदावर नेहमीचीच उदाहरणे सोडवायला देणे म्हणजे चांगली संधी वाया घालवणे आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता मुलांनी अंगणात केलेला हा रायगड पाहा. त्यावर ठेवलेला मातीचा मावळा साडेसात सेंटिमीटर उंच आहे. माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर मावळ्याचे प्रमाण १ : २२ होते. रायगडाची उंची सुमारे ८२० मीटर आहे. तिलाही हेच प्रमाण लावले, तर अंगणातला गड सुमारे ३७ मीटरांचा, म्हणजे जवळजवळ बारा मजली इमारतीएवढा उभारावा लागेल. उलट गड ८२ सेंटिमीटरांचाच करायचा ठरवला, तर प्रमाण १ : १००० होते आणि मावळा दोन मिलिमीटरही भरत नाही. सहावीत शिकलेले गुणोत्तर इथे मुलांना खऱ्या पेचात टाकते. मावळे काढून टाकायचे, की गडाला एक आणि माणसांना दुसरे प्रमाण वापरायचे? शिवाय ८२० मीटर ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे, गडाच्या पायथ्यापासूनची नव्हे, हे एखाद्या मुलीच्या लक्षात आले, तर सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. तो जरूर मांडू द्यावा.

गडाशेजारच्या फलकावर भाषेचे काम सुरू होते. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले समाविष्ट झाले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तामिळनाडूत आहे. यातला एक किल्ला निवडून, पाहायला आलेल्या शेजाऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल असा साठ शब्दांचा मजकूर लिहायचा असेल, तर पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवून भागत नाही. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे मुलांना स्वतः ठरवावे लागते, आणि आपण कोणते प्रमाण वापरले व का वापरले, हेही त्याच फलकावर लिहावे लागते.

दारातली ठिपक्यांची रांगोळी याहून सोपी दिसते, पण तिच्यातले गणित फार सुंदर आहे. ‘पंधरा ते आठ’ या रांगोळीत मधल्या ओळीत १५ ठिपके असतात आणि तिच्या वर-खाली एकेक कमी होत शेवटच्या ओळींत ८ उरतात. एकूण ठिपके किती? ८ आणि १४, ९ आणि १३, १० आणि १२ अशा जोड्या लावल्या की प्रत्येक जोडीचे २२ होतात, मधले ११ सुटे राहतात. म्हणजे एका बाजूचे ७७, दोन्ही बाजूंचे १५४ आणि मधल्या ओळीसह १६९. दुसरे मूल हेच ठिपके मध्यापासून मोजते: एक ठिपका, त्याभोवती ६, मग १२, मग १८, असे शेवटच्या वेढ्यात ४२. उत्तर तेच येते. सारख्याच फरकाने वाढत जाणाऱ्या अशा संख्यांचे अंकगणिती श्रेढी हे नाव दहावीत भेटेल. ती ओळखायला तोवर थांबण्याची गरज नाही.

हीच रांगोळी परगावच्या मावसबहिणीला चित्र न पाठवता, केवळ लिहून कळवायची, हा भाषेचा उपक्रम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘मग रेघ जोडा’ एवढेच लिहिले, तर ती कोणत्या ठिपक्यापासून कोणत्या ठिपक्यापर्यंत जोडायची, हे तिला कळत नाही. तिची रांगोळी फसली की चूक नेमक्या कोणत्या वाक्यात आहे, ते शोधावे लागते आणि ते वाक्य पुन्हा लिहावे लागते.

वाचनासाठी दिवाळी अंक आहेतच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत ही परंपरा चालत आली आहे, मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिकही १९७१पासून निघते आहे. अनुक्रमणिका पाहून मुलांनी आपल्या आवडीचे दोन लेख निवडावेत आणि त्यांतला एक लहान भावंडाला मोठ्याने वाचून दाखवावा. सुट्टीनंतर शाळेने भरलेल्या वह्या मागण्याऐवजी किल्ल्याचा फोटो, हिशोबाचा खाडाखोड केलेला कागद आणि रांगोळीच्या कृतीचे पहिले व शेवटचे लेखन मागवावे.