अक्कलदाढ आणि अठरावं वर्ष

नमस्कार श्रोतेहो. आपल्या खानदेशातल्या कुठल्याही गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून, खाली पुन्हा 1 जून. बाळंतपण घरी झालं, नोंद राहून गेली, पोर शाळेत आलं तेव्हा गुरुजींनी अंदाजानं तारीख घातली. एरवी त्यानं कुणाचं अडत नाही. पण बालविवाह थांबवायचा असतो, किंवा गुन्ह्यात सापडलेला मुलगा अठराच्या आतला आहे का हे ठरवायचं असतं, तेव्हा सगळं त्या तारखेवर येऊन ठेपतं.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 94 वय कशावरून ठरवायचं याचा क्रम घालून देतं. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. ऊसतोडीला आई-बापाबरोबर फिरलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली मुलं या शेवटच्या पायरीवर येतात.

तिथे हाडांबरोबर दातही बघतात, आणि दातांचं मोल मला फार वाटतं. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुपोषणात वाढलेली मुलगी अंगानं लहान दिसते. उपासमारीनं उंची खुंटते, हाडंही मागे पडतात. दातांच्या वाढीवर मात्र त्याचा परिणाम बराच कमी होतो. नुसतं अंगकाठीकडे बघून वय सांगणं म्हणजे त्या मुलीवर अन्यायच.

तपासणीसाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. दात आधी माथ्याकडून घडतो, मग खाली मूळ उतरतं. वाढत्या मुळाचं टोक फोटोत नरसाळ्यासारखं उघडं दिसतं. वाढ संपली की ते मिटतं. 1973 मध्ये दातांचे संशोधक डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी या वाढीचे आठ टप्पे ठरवले आणि खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या सात दातांवरून वय काढण्याची कोष्टकं केली, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. ती फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून बेतलेली आहेत. आपल्या मुलांना ती जशीच्या तशी लावली तर वय बऱ्याचदा जास्त निघतं, आणि इथे एखाद्या वर्षाचा फरकही महागात पडतो.

खरी अडचण पंधरा-सोळानंतर येते. तोवर बाकीच्या दातांची वाढ पुरी झालेली असते, उरते फक्त अक्कलदाढ. ती सर्वांत लहरी. कुणाची मुळं अठराच्या सुमारास मिटतात, कुणाची विशी ओलांडल्यावर, तर कुणाला ती दाढ येतच नाही. त्यामुळे जाणता डॉक्टर 'वय सतरा' असं कधीच लिहीत नाही. 'सोळा ते अठराच्या दरम्यान' असं लिहितो. कुणी अमुकच वय छातीठोकपणे लिहून दिलं असेल, तर कोर्टात त्यावर प्रश्न विचारायलाच हवा.

पालकांनो, या तपासणीची धास्ती घेऊ नका. ओपीजीचं यंत्र चेहऱ्याभोवती एकदा फिरतं, काही सेकंदांत काम होतं, दुखत अजिबात नाही. मुलीबरोबर आईनं किंवा मावशीनं जावं. आणि जुना लसीकरणाचा कागद, अंगणवाडीची नोंद, जे काही घरात सापडेल ते बरोबर न्यावं.