रेघ कुठून जाते

मंडळी, महापालिकेची निवडणूक जवळ आली की आपल्याकडे प्रारूप प्रभागरचना जाहीर होते, हरकती-सूचना मागवल्या जातात, नकाशे भिंतीवर लागतात. त्या नकाशांपुढे गर्दी असते ती इच्छुकांची आणि त्यांच्या कार्यकर्त्यांची. बाकीचे आपण सरळ पुढे निघून जातो. पुण्यात होते तोवर मीही तशीच जात होते. नकाशावरची एक रेघ अख्ख्या वस्तीचा आवाज कसा बंद करू शकते हे मला शिकागोत गेल्यावर कळलं, आणि ते शिकवलं माझ्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, शेजाऱ्यांनी.

लॅटिनो म्हणजे एकच एक समाज नव्हे. शिकागोत मेक्सिकन सर्वांत जास्त. त्यांचे आजे-पणजे शंभर वर्षांपूर्वी रेल्वेच्या रुळांवर, पोलादाच्या भट्ट्यांवर, कत्तलखान्यांत कामाला आले. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे लोक तर १९१७पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत. तरीही १९६६च्या जूनमध्ये डिव्हिजन स्ट्रीटवर पोलिसांनी त्यांच्यातल्या एका तरुणावर गोळी झाडली आणि तिथला राग रस्त्यावर आला. नागरिकत्वाचा कागद हातात असला म्हणून शहर तुम्हाला आपलं मानतंच असं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'कागदपत्रं असतील तर काय अडचण आहे?' असं आपली माणसंही फार सहज बोलून जातात.

आता आकडे. १९८०च्या जनगणनेत लॅटिनो शिकागोत १४ टक्के होते. सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या सभागृहात, जागा ५०, प्रत्येक वॉर्डाला एक. म्हणजे साध्या हिशेबाने ७ नगरसेवक हवेत. १९८३ साली होता १. का? माणसं तर एकमेकांना धरून राहत होती. पिल्सन आणि लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्त्या, हम्बोल्ट पार्क पोर्तो रिकन. पण जनगणनेनंतर जो नकाशा आखला गेला त्यात रेघा नेमक्या या वस्त्यांमधूनच गेल्या. एक तुकडा या वॉर्डाला, एक त्या वॉर्डाला, म्हणजे बहुमत कुठेच नाही.

रुडी लोसानो हे नाव लक्षात ठेवा. कामगार संघटनेतला माणूस. १९८३च्या फेब्रुवारीत लिटल व्हिलेजच्या २२व्या वॉर्डातून उभा राहिला. तिथे कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. १७ मतं कमी पडली आणि ती दुसरी फेरी हुकली. सतरा! त्याच वसंतात हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मतं एकत्र आणण्यासाठी लोसानो राबला होता. जूनमध्ये त्याच्या राहत्या घरात त्याचा खून झाला. आज पिल्सनमध्ये त्याच्या नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथे पुष्कळ वेळा बसले आहे. शाळेतून थेट आलेली पोरं दप्तरं टेबलावर टाकतात आणि निम्मं स्पॅनिश, निम्मं इंग्रजी बोलत गृहपाठ उरकतात.

वॉशिंग्टन निवडून आले खरे, पण कौन्सिलमध्ये विरोधक २९ आणि त्यांच्या बाजूचे २१. महापौराला काही करूच द्यायचं नाही असा तो काळ. वाट काढली ती कोर्टाने. प्रभागरचनेविरुद्ध कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदार न्यायालयात गेले होते. न्यायालयाने नकाशा बदलायला लावला आणि १९८६ साली ७ वॉर्डांत नव्याने निवडणूक झाली. त्यातले ४ वॉर्ड लॅटिनो बहुसंख्य. लोसानोच्याच २२व्या वॉर्डातून त्याचा सहकारी हेसुस गार्सिया, ज्याला सगळे 'चुई' म्हणतात, निवडून आला. २६व्या वॉर्डात लुइस गुतिएरेझ दुसऱ्या फेरीत जिंकला आणि कौन्सिलमध्ये २५-२५ अशी बरोबरी झाली. बरोबरीत निर्णायक मत महापौरांचं! माणसं तीच, गल्ल्या त्याच, फक्त रेघ सरकली आणि शहराचा कारभार बदलला.

पण खुर्ची मिळाली म्हणजे झालं, असं मी म्हणणार नाही. खुर्ची कशासाठी हवी, तर शाळेसाठी. लिटल व्हिलेजमधल्या शाळांत वर्गांमध्ये मुलं मावत नव्हती. १९९८च्या सुमारास शहराने तीन नव्या हायस्कुलांसाठी पैसे मंजूर केले. उत्तरेकडची दोन उभी राहिली. दोन्हींत प्रवेश परीक्षा देऊन मिळणारा. लिटल व्हिलेजची जागा मोकळीच राहिली, आणि पैसे संपले असं उत्तर आलं.

मग २००१च्या मे महिन्यात, मातृदिनाच्या दिवशी, १४ जण त्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून उपोषणाला बसले. त्यात आया होत्या, आज्या होत्या. आपल्याला उपोषण नवीन नाही. तहसील कचेरीबाहेर मांडव घालून बसलेली माणसं आपण लहानपणापासून पाहत आलो. पण शिकागोत, ढगाळ थंडीत, स्वयंपाकघराबाहेर कधी फारशा न पडलेल्या बायका १९ दिवस अन्नावाचून राहिल्या. शाळाखात्याच्या प्रमुखांनी नकारच दिला. पुढे ते पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या आर्नी डंकन यांनी शाळा मान्य केली. हेच डंकन नंतर ओबामांचे शिक्षणमंत्री झाले. २००५ साली इमारत उभी राहिली, एका छपराखाली चार शाळा. त्यातल्या एका शाळेचं नावच सामाजिक न्यायाचं आहे. आणि मला फार मोलाची वाटते ती गोष्ट पुढची: शेजारच्या नॉर्थ लॉनडेलमधल्या कृष्णवर्णीय मुलांनाही त्याच इमारतीत जागा मिळाली. त्यावरून कुरबुरी झाल्याच, नाही असं नाही. तरी उपोषण एका वस्तीने केलं आणि दार दोन वस्त्यांना उघडलं.

शिकागोची आणखी एक व्यवस्था आपल्याकडे कोणी फारशी सांगत नाही. १९८८च्या कायद्याने तिथल्या शाळांना स्थानिक शाळा समित्या मिळाल्या. मुख्याध्यापक कोण असावा, हाताशी असलेला पैसा कुठे खर्चावा, यात या समित्यांना अधिकार. पालक प्रतिनिधींच्या निवडणुकीत पालक मत देतात, आणि तिथे कोणी तुमचं नागरिकत्व विचारत नाही. माझी मुलगी ज्या शाळेत होती तिथे मी मतदानाच्या दिवशी मदतीला होते. व्यायामशाळेत टेबल मांडलेलं. एक बाई आली, हॉटेलच्या सफाईचा गणवेश अजून अंगावर. मतपत्रिका घेतली आणि तिथेच उभी राहिली. माझ्या स्पॅनिशमध्ये मी विचारलं, काही अडचण आहे का. ती म्हणाली, अडचण नाही, मी पहिल्यांदा मत देतेय, जरा हळू देते. वय पन्नाशीच्या आसपास असेल. पंचवीस वर्षं त्या शहरात कर भरलेला.

आता २०२०. शिकागोची लोकसंख्या २७ लाख ४६ हजार, त्यात लॅटिनो ८ लाख १९ हजार, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. हा आकडाही पुरा नाही. त्या उन्हाळ्यात मी आणि माझी एक मैत्रीण जनगणनेचा अर्ज भरा म्हणून दारोदार फिरत होतो, तोंडाला मास्क लावून. एका दारात बाई म्हणाली, घरात चार जण. तळघराच्या पायऱ्यांवर बांधकामावरचे बूट वाळत ठेवले होते, सिमेंटने पांढरे झालेले. मी नकळत मोजले. सात जोड, सगळे मोठ्या माणसांचे. नागरिकत्वाचा प्रश्न अर्जात घालायचा सरकारचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्येच अडवला होता. अर्जात तसा प्रश्नच नाही, हे मैत्रिणीने तिला समजावलं, अर्ज उघडून दाखवला. बाईने ऐकून घेतलं, पाणी विचारलं आणि म्हणाली, चारच.

तिला मी दोष देत नाही. इतक्या वर्षांत सरकारी कागद ज्यांच्या दारात पकडायलाच आला, त्यांनी आमच्या अर्जावर का विश्वास ठेवावा? पुढे २०२२मध्ये जनगणना खात्याने स्वतःच तपासणी करून सांगितलं की देशभरात लॅटिनोंची मोजणी जवळजवळ ५ टक्के कमी झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात शिकागोचा नवा नकाशा आला. लॅटिनो नगरसेवकांची मागणी १५ वॉर्डांची होती. ३० टक्क्यांचे १५, हिशेब सरळ. कृष्णवर्णीय नगरसेवकांना आपले वॉर्ड गमावण्याची भीती, आणि तीही खरी, कारण त्यांची वस्ती शहर सोडून चालली आहे. वाटाघाटी महिनोन् महिने चालल्या. शेवटी १४ लॅटिनो, १६ कृष्णवर्णीय आणि आशियाई बहुसंख्य असा पहिलाच एक वॉर्ड ठरला. ४३ विरुद्ध ७ मतांनी नकाशा मंजूर झाला.

पुढचा नकाशा २०३०च्या जनगणनेनंतर. मी तोवर तिथेच आहे, आणि स्पॅनिश आता जरा बरी बोलते. मी पहिल्यांदा त्याच गल्लीत जाणार आहे, त्या तळघराच्या पायऱ्यांपाशी.