पाच कार्बन, आठ हायड्रोजन

आत येताना तुम्हाला प्रत्येकाला एकेक रबरबँड दिला आहे. जाडसर आहे, तुटायचा नाही. तो दोन्ही हातांनी झटकन ताणा आणि ताणलेलाच वरच्या ओठाला लावा. कोमट लागला ना? आता थोडा वेळ तसाच ताणून धरा, मग एकदम सैल सोडा आणि पुन्हा ओठाला लावा. या वेळी गार लागेल. जॉन गफ या इंग्रज अभ्यासकाने १८०५ साली हेच नोंदवून ठेवले. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. ओठांवर भरवसा ठेवणे त्याला आपल्यापेक्षा सोपे गेले असावे.

ही ऊब येते कुठून, हे मला आज सांगायचे आहे. पण त्याआधी रबर म्हणजे आहे तरी काय, ते पाहू.

हेविया ब्राझिलिएन्सिस या झाडाच्या सालीला तिरपी खाच पाडली की पांढरा चीक ठिबकतो. हा झाडाचा अन्नरस नव्हे. चिकाच्या नळ्या सालीत स्वतंत्र असतात. चिकात ३० ते ४० टक्के रबर, बाकी बहुतेक पाणी, आणि थोडीथोडी प्रथिने, मेदद्रव्ये, शर्करा, क्षार. रबराचे कण अतिसूक्ष्म असतात. त्यांच्यावर प्रथिने आणि फॉस्फोलिपिडांचे (फॉस्फरस असलेल्या मेदद्रव्यांचे) आवरण असते आणि त्यावर ऋण विद्युतभार. त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. आम्ल घातले की हा भार नाहीसा होतो आणि चीक साकळतो. अमोनिया घातला तर तो पातळच राहतो.

साकळलेले रबर वाळवले की त्यात साधारण ९४ टक्के एकच पदार्थ उरतो: कार्बन आणि हायड्रोजन यांचे संयुग. मायकेल फॅरडेने १८२६ साली त्याचे प्रमाण काढले, पाच कार्बनला आठ हायड्रोजन. १८६० साली ग्रेव्हिल विल्यम्सने रबर तापवून एक हलका द्रव वेगळा केला आणि त्याला आयसोप्रीन नाव दिले. त्याचेही प्रमाण तेच! एक द्रव भुर्रकन उडून जाणारा, दुसरा पदार्थ ताणला तर परत येणारा, आणि घटक मात्र अगदी सारखे. म्हणजे सूत्र बरोबर होते आणि त्यातून कळत काहीच नव्हते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल हॅरिस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रबरावर ओझोन सोडला. ओझोन कार्बनचे दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधल्या दुहेरी जोडण्या, नेमके कापतो. सगळीकडून पाच कार्बनांचा एकाच प्रकारचा तुकडा मिळाला. हॅरिसने निष्कर्ष काढला की दोन आयसोप्रीन जोडून आठ कार्बनांचे कडे बनते (उरलेले दोन कार्बन कड्याबाहेर) आणि अशी कडी दुहेरी बंधांच्या उरल्यासुरल्या ओढीने एकमेकांना चिकटून रबर होते. तर्कात चूक नव्हती. अडचण अशी की कडे कापा किंवा लांबलचक साखळी कापा, तुकडा एकच मिळतो.

हेर्मान श्टाउडिंगर या दुसऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने युक्ती केली. दुहेरी बंधांमुळेच कडी चिकटत असतील, तर ते बंध हायड्रोजनने भरून टाकू. कडी सुटतील आणि सहज उकळणारा द्रव मिळेल. १९२२ साली त्याने तसे केले. द्रव मिळालाच नाही. हायड्रोजन भरलेले रबरही उकळेना, आणि त्याचे द्रावणही रबराच्या द्रावणासारखेच घट्ट. म्हणजे रबर ही खरोखरच एक प्रचंड लांब साखळी होती. या कल्पनेला त्या काळी कडाडून विरोध झाला. नोबेल मिळायला १९५३ साल उजाडले.

साखळी किती लांब? दहा हजार आयसोप्रीनची धरा; झाडाला ते काही फार नाही. ती सरळ ताणली तर सुमारे चार मायक्रोमीटर भरेल. तिची जाडी एक मिलिमीटर असती, तर लांबी आठेक मीटर झाली असती.

पण लांबीही पुरेशी नाही. गटापर्चा नावाचा चीक घ्या. तीच साखळी, तेच आयसोप्रीन, पण पदार्थ लाकडासारखा कडक. गरम पाण्यात टाकला तरच मऊ होतो. समुद्राखालच्या तारांना त्याचेच आवरण घालत. फरक फक्त दुहेरी बंधापाशी आहे. हा बंध फिरू शकत नाही. साखळी त्याच्या एका बाजूने आली आणि त्याच बाजूने पुढे गेली तर सिस, विरुद्ध बाजूने गेली तर ट्रान्स. गटापर्चा ट्रान्स आहे. त्याच्या साखळ्या एकमेकींशेजारी नीट बसतात आणि स्फटिक होतात. रबर सिस आहे. तिथे साखळीच्या प्रत्येक दुव्यात बाक येतो, साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि त्यांची वेटोळी सतत वळवळत राहतात.

आता ओठाकडे वळू. वेटोळ्याला असंख्य आकार घेता येतात, ताणलेल्या साखळीला मोजकेच. स्टीलची स्प्रिंग ताणली की तुमचे श्रम अणूंमधल्या बंधांत साठतात. रबरात तसे फारसे होत नाही, ते उष्णता होऊन बाहेर पडतात. फार ताणले तर साखळ्या सरळ होऊन काही जागी स्फटिकही बनतात आणि त्यांची उष्णता यात मिसळते. हे स्फटिक क्ष-किरणांनी १९२५ साली योहान कात्सने पाहिले. रबर परत येते ते साखळ्यांच्या वळवळीमुळे. उष्णतेने ही वळवळ वाढते, म्हणून वजन टांगलेल्या रबराला गरम हवा लावली तर वजन खाली न येता वर जाते.

कच्च्या रबरात साखळ्या एकमेकींवरून घसरतात. गंधकासह तापवले की त्यांच्यात गंधकाचे पूल बनतात. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडले. पूल बनायला मदत होते तीही दुहेरी बंधांचीच. दोन-तीन टक्के गंधकात रबर लवचिक राहते, तीसच्या वर गेलात तर एबोनाइट हा कडक पदार्थ होतो.

रबरबँड घरी न्या. लाकडी पट्टीवर ताणून बसवा आणि खिडकीत ठेवून द्या. काही आठवड्यांनी त्यावर ताणाला आडव्या बारीक भेगा दिसतील. हॅरिसने जे मुद्दाम केले, ते हवेतला ओझोन तिथे विनाखर्च करत असतो.