मधल्या जागेची गर्दी

(छोट्या व्यावसायिकांना मार्गदर्शन करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मित्रहो, छोट्या व्यवसायाला उठून दिसायला मदत कशी करावी, हा आजचा विषय. उपाय सांगणारच आहे. पण आधी एक तक्रार मांडू द्या, आणि ती आपल्याबद्दलच आहे, सल्ला देणाऱ्यांबद्दल.

माझ्या ओळखीचे एक पुस्तकबांधणी करणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे पानं सुटलेली, कणा मोडलेली पुस्तकं यायची. ते फाटक्या कडांना पातळ कागद लावायचे, जुजबंदीची, म्हणजे पानांचे जुडगे एकेक करून शिवण्याची, शिवण घालायचे आणि पुस्तक असं परत द्यायचे, की टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहावं. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक असं राहत नाही, मिटायला बघतं. दाबलं तर पानं हातात येतात. त्यामुळे ग्रंथालयं, संशोधक, वकील लांबून यायचे आणि थांबायची तयारी ठेवून यायचे. भावावरून घासाघीस कुणी करत नसे, कारण तुलना करायला दुसरं कुणी नव्हतंच.

मग एक सल्लागार आले. आजूबाजूला फिरले, कोण काय विकतंय ते पाहिलं आणि म्हणाले, ‘आलेलं गिऱ्हाईक परत जाता कामा नये.’ झेरॉक्स घ्या, लॅमिनेशन घ्या, स्पायरल घ्या. कर्ज काढून यंत्रं आली. काउंटरवर गर्दी झाली आणि शिवणीला बसलेला माणूस दर पाच मिनिटांनी उठू लागला. शेजाऱ्याने झेरॉक्सचा दर उतरवला, यांनीही उतरवला. जुनी पुस्तकं गठ्ठ्यात पडून राहिली आणि ग्रंथालयांनी दुसरीकडे चौकशी सुरू केली. उलाढाल वाढली होती, हे खरं. पण हप्ता भरून हाती काय उरतं, हे विचारायला कुणी परत आलं नाही. त्या सल्लागारांचा हेतू चांगला होता, म्हणूनच मला हे जास्त लागतं. तो सल्ला आपण सगळेच देतो.

हा सल्ला इतका का पटतो? 1929 साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये एक मांडणी केली. एक सरळ रस्ता, त्यावर सारख्या अंतरावर पसरलेली गिऱ्हाइकं आणि दोन दुकानं. (किनाऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्यांची गोष्ट लोकांनी नंतर जोडली.) प्रत्येक दुकानदार दुसऱ्याच्या जवळ सरकला की त्याची काही गिऱ्हाइकं मिळवतो. शेवटी दोघे मधोमध, पाठीला पाठ लावून. मालाचंही असंच होतं, सगळ्यांचा माल सारखा होत जातो, असं त्याचं म्हणणं.

पण पन्नास वर्षांनी, 1979 साली, द’आस्प्रमाँ, गाब्शेविच आणि तिस (Thisse) या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात दाखवलं, की हा हिशेब टिकत नाही. दुकानं फार जवळ आली, की भाव जरासा उतरवून समोरच्याचं सगळं गिऱ्हाईक ओढण्याचा मोह दोघांनाही होतो आणि भाव स्थिर राहतच नाहीत. दुकानापर्यंत जाण्याचा गिऱ्हाइकाचा त्रास अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (अंतर दुप्पट, तर त्रास चौपट) असं धरलं, तर दोघे रस्त्याच्या दोन टोकांना जाऊन बसतात, कारण अंतर राहिलं तरच भाव टिकतो. मोठ्याला भावयुद्ध काही काळ सोसतं, छोट्याला नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. तेव्हा उपाय भराभर सांगतो.

व्यवसायाची जाहिरात उलटी करून वाचा. ‘उत्तम दर्जा, तत्पर सेवा’ याच्या उलट कुणी लिहील का? नाही ना? मग त्या ओळीने काहीच सांगितलेलं नाही. ‘फक्त जुन्या पुस्तकांची शिवण, वेळ लागेल’ याच्या उलट लिहिणारे पुष्कळ सापडतील. म्हणून ती ओळ कामाची.

नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारा, आमच्याकडेच का येता? मालकाला जे उत्तर वाटत असतं, ते बहुधा येत नाही.

प्रत्येक प्रकारच्या कामाचा वेगळा हिशेब मांडा: मिळालेल्या पैशातून मालाचा खर्च वजा करा आणि उरलेल्याला मालकाच्या तासांनी भागा. छोट्या व्यवसायात सगळ्यात आधी मालकाचे तास संपतात. हा आकडा काढल्याशिवाय नव्या यंत्राच्या कर्जावर सही करू देऊ नका.

कोणती कामं घेणार नाही, याची यादी करा. नाकारलेलं गिऱ्हाईक चांगल्या माणसाकडे पाठवा, म्हणजे तोही त्याच्याकडची तुमची कामं तुमच्याकडे धाडेल.

आणि एक सावधगिरी. हॉटेलिंगच्या रस्त्यावर दोन्ही टोकांना गिऱ्हाईक आहे, असं गृहीत धरलंय. खऱ्या रस्त्यावर टोकाला कुणी राहतच नसेल, असंही होतं. म्हणून वेगळेपणाची पाटी रंगवण्याआधी त्या कामासाठी आगाऊ पैसे देणारी चार माणसं शोधा. ती सापडली नाहीत, तर टोक बदला.