जेवणाचा विषयच नाही

(कोथरूडमधली छोटी खोली. टेबलावर पाठकोरे कागद, पेन्सिली.)

मुलगी हातातल्या कागदावरची आकृती सांगतेय. थेरपिस्ट ती न पाहता, नुसती ऐकून काढताहेत. "डावीकडे उभी रेघ. दोन सेंटिमीटर. नाही, जरा कमी. तिच्या टोकाला एक तिरकी..." बराच वेळ झाला, तरी 'हे घरासारखं दिसतंय' असं काही ती म्हणत नाही. बारकावे अचूक, अख्खं चित्र मात्र निसटतं.

अनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार, असलेल्या अनेकांचं असं होतं. एकदा ठरलेला नियम मोडणं त्यांना फार जड जातं. त्यात उपासमारीने मन आणखी ताठर होतं. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्याही डोक्यात दिवसभर अन्नच घोळू लागलं, जेवायच्या तऱ्हा विचित्र झाल्या. तेव्हा "नाटकं पुरे, दोन घास खा" म्हणण्याआधी आपण थांबायला हवं.

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात केट चांतुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉग्निटिव्ह रिमेडिएशन थेरपी', म्हणजे विचारांचा ताठरपणा सैल करणारे छोटे सराव, या आजारासाठी घडवली. साधारण आठ-दहा बैठका. वजन, कॅलरी, जेवण यांतला कुठलाच विषय काढायचा नाही. एरवी तोंड न उघडणारी मुलगीसुद्धा त्यामुळे येऊन बसते. मला हेच या उपचाराचं मोठं मोल वाटतं. सराव असे: हिरव्या शाईत 'लाल' लिहिलेलं असतं. आधी शब्द वाचायचा, मग शाईचा रंग सांगायचा, पुन्हा शब्द. लांबलचक पत्राचं सार एका ओळीत सांगायचं.

मग गृहपाठ. रोज कर्वे रस्त्यानेच डेक्कनला जाणाऱ्या या मुलीने परवा नळस्टॉपला वळून लॉ कॉलेज रस्ता धरला आणि प्रभात रस्त्याने डेक्कन गाठलं.

"कसं वाटलं?"

"आधी पोटात गोळा आला. मग... पोचले की!"

एवढ्याने वजन वाढत नाही, आणि अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. विचारांतली लवचीकता वाढल्याचं काहींत दिसलं, उपचार अर्धवट सोडणारे कमी झाल्याचंही. पण आहार, डॉक्टर आणि घरच्यांची साथ यांची जागा हे सराव घेऊ शकत नाहीत. मुलीला चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल, नाडी मंदावली असेल, तर आधी तिला डॉक्टरांकडे न्या. आकृत्या नंतरही काढता येतील.