मुंगीला उंच पाय लावले, पण कधी लावले?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. 'ताई, मुंगी वासाने घरी जाते, त्यात काय एवढं?' अहो, वासावर जाते ती तुमच्या गुळाच्या डब्यावरची! मी बोलतेय ट्युनिशियाच्या खाऱ्या, सपाट वाळवंटात एकटी भटकणाऱ्या कॅटाग्लिफिस फोर्टिसबद्दल. दिशा तिला आकाशातल्या ध्रुवित (म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून कळते, ते झालं. प्रश्न अंतराचा आहे. ते ती पावलांवरून मोजते, असं मी म्हणतेय.

२००६ साली विटलिंगर, वेनर आणि वोल्फ या शास्त्रज्ञांनी हे तपासणारा प्रयोग छापला. वारुळापासून १० मीटरवर खाऊ, मधे सरळ पन्हळ. मुंगी आली, खाऊ उचलला, की तिला पकडायचं. काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवले, काहींचे पाय छाटले. (मलाही कसंसंच झालं, शिव्या मला नका घालू.) मग शेजारच्या पन्हळीत सोडलं. नेहमीच्या पायांची मुंगी साधारण १० मीटरवर घर शोधत घुटमळली. उंच पायांची १५ च्या पुढे गेली, आखूड पायांची ६ च्या आतच थांबली.

आता नीट ऐका, इथेच सगळे घसरतात. पाय बदलले ते परतताना. जाताना नाही! जातानाची मोजणी जुन्या पायांची, येतानाची नव्या पायांची. म्हणून हिशेब चुकला.

तरी कॉमेंट येतेच, 'म्हणजे उंच पायांची मुंगी कायमची हरवली.' नाही हो! त्याच मुंग्या नंतर वारुळातून त्याच पायांनी निघाल्या, त्याच पायांनी परतल्या, आणि अंतर बरोबर आलं.

अजून नाही पटलं? लहानपणी आजोळी रात्री लाईट गेले की मी ओसरी ते न्हाणी बावीस पावलं मोजून जायचे. कॉलेजात असताना गेले, त्याच भरवशावर. अठराव्या पावलाला कपाळ दारावर! पाढा जुना, पाय नवे.

आणि नाही, मुंगी एक-दोन-तीन म्हणत नाही. रिक्षाचा मीटर तरी कुठे म्हणतो? चाकाचे फेरे साठत जातात, तशी हिची पावलं.

एकाने मात्र भारी विचारलंय. मुंगीला दुसरीने उचलून नेलं, तर पावलं कुणाची? कॅटाग्लिफिस बायकलर या तिच्या जातबहिणीत हे खरंच घडतं. २०१६ मध्ये फेफर आणि विटलिंगर यांनी दाखवलं, की उचललेली मुंगी खालून सरकणारी जमीन बघून अंतर धरते. डोळ्यांचा खालचा भाग झाकला, की तिला ते जमत नाही.