चौथा पाय

नमस्कार, श्रोतेहो. लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीत ध्वज नाचवणारी मुलं तुम्ही पाहिलीच असतील. काठी तळहातावर उभी, आणि पोरगं तिच्याखाली पळतंय. काठी डावीकडे कलली की हातही डावीकडे. हल्ली सगळे मोबाइल ढोलांकडे वळलेले असतात, ध्वजाकडे कुणी बघत नाही. खरं कसब तिथं आहे, पण असो. उभं उतरणारं रॉकेट हेच करतं. ज्या बाजूला कलेल त्या बाजूला बूड सरकवायचं, आणि त्यासाठी तळाचं इंजिन जरासं वळवायचं.

हा तोल 1993 सालीच साधला होता. 18 ऑगस्टला न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटात मॅक्डोनल डग्लस कंपनीचं डीसी-एक्स नावाचं रॉकेट उडालं. साधारण 12 मीटर उंच, शंकूसारखं. खाली चार इंजिनं, इंधन द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन. 46 मीटर वर गेलं, बाजूला सरकलं आणि 59 सेकंदांत आपल्या पायांवर उभं राहिलं. नियंत्रणाला मोजकी माणसं, आणि त्यांत कोण, तर चंद्रावर चाललेला तिसरा माणूस, पीट कॉनरॅड!

पुढे हे यान नासाकडे गेलं. टाक्या हलक्या केल्या, नाव झालं डीसी-एक्सए. जून 1996 मध्ये तर एका उड्डाणानंतर 26 तासांनी तेच यान पुन्हा उडवलं. रॉकेट धुऊनपुसून दुसऱ्या दिवशी परत, म्हणजे काय झालं बघा!

आणि मग 31 जुलै 1996. उड्डाण बिनचूक. वर गेलं, खाली आलं, इंजिनांनी वेग मारला. आता पाय बाहेर यायचे. पहिला आला, दुसरा आला, तिसरा आला. चौथा आलाच नाही. तरी यान सरळ उतरलं, अलगद. इंजिनं बंद झाली. तीन पायांचं स्टूल आपण वापरतो, पण त्याचे पाय सारख्या अंतरावर असतात. इथं चारातला एक गायब, म्हणजे एक कोपरा हवेत. यान कलायला लागलं. इंजिनं थांबलेली, सावरणार कोण? आडवं झालं, ऑक्सिजनची टाकी फुटली, आग लागली, संपलं.

चौकशीत काय निघालं? हे पाय हेलियम वायूच्या दाबावर बाहेर ढकलले जायचे. त्या एका पायाची हेलियमची नळी जोडायची राहून गेली होती. इंजिन ठीक, संगणक ठीक. पुन्हा सांगतो: एक नळी जोडायची राहून गेली होती. दुसरं यान बांधायला पैसे नव्हते, कार्यक्रम तिथंच बंद पडला. आपण घरी सिलिंडर बदलला की वॉशर बघतो, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो. माझ्या मते नळी जोडणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा, असंच हवं. सोसायटीच्या लिफ्टलासुद्धा हाच नियम लावायला हवा, पण तो विषय वेगळा.

स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं ग्रासहॉपर हे चाचणीचं रॉकेट 2012-13 मध्ये टेक्सासात आठ उड्या मारून आलं. शेवटची उडी 744 मीटरची, म्हणजे पुण्याच्या जमिनीपासून जवळजवळ सिंहगडाच्या माथ्याइतकी. त्याचे पाय न मिटणारे, पोलादी. पायांनी दगा दिला नाही, कारण उघडायचंच काही नव्हतं.

याच कंपनीच्या फाल्कन 9 या मोठ्या रॉकेटला मात्र पाय मिटून न्यावे लागतात, आणि खाली येताना सगळं क्रमानं व्हावं लागतं. आधी नायट्रोजनच्या फवाऱ्यांनी तोंड फिरवायचं, मग वातावरणात शिरताना तीन इंजिनं पेटवून वेग कमी करायचा, जाळीच्या पंखांनी दिशा धरायची, आणि शेवटी मधलं एकच इंजिन. ते एक इंजिन कितीही मंद केलं तरी रिकाम्या रॉकेटला ते जास्तच होतं, त्यामुळे हवेत थांबता येत नाही. लवकर पेटवलं तर जमिनीच्या वरच वेग शून्य होऊन रॉकेट परत वर जाईल. उशीर झाला तर आपटेल.

10 जानेवारी 2015 ला जाळीच्या पंखांचं हायड्रॉलिक तेल उतरण्याच्या ऐन आधी संपलं. तिथं वापरलेलं तेल परत टाकीत येत नव्हतं, बाहेरच जायचं. पंख अडकले, रॉकेट समुद्रात उतरण्यासाठी ठेवलेल्या तराफ्यावर आदळलं. पुढच्या खेपेला तेल दीडपट भरलं. आपल्या जुन्या स्कूटरला रिझर्व्ह होतं, ते किती शहाणपणाचं होतं!

आणि 17 जानेवारी 2016 ला पुन्हा पायच. रॉकेट तराफ्याच्या मध्यापासून सव्वा मीटरवर उतरलं, पण एका पायाची खिट्टी बसली नाही, पाय दुमडला, रॉकेट आडवं. उड्डाणाच्या वेळी दाट धुकं होतं. त्यानं खिट्टीत बर्फ धरला असावा, असा अंदाज निघाला. वीस वर्षांनी, परत एक पाय.

जपानमध्ये होंडानं 17 जून 2025 ला होक्काइदोतल्या ताइकी इथं 6.3 मीटरचं छोटं रॉकेट 271.4 मीटर उडवलं. 56.6 सेकंदांत परत. ठरलेल्या जागेपासून चूक 37 सेंटिमीटर, म्हणजे एक फूटपट्टी आणि वर चार बोटं. आणि चारही पाय जमिनीवर.